माशांचं पाणी

गडचांदूरच्या आमच्या घरात डाळ शिजत नसे. मी गोष्ट रंगवून सांगते असा माझ्यावर घरात जुना आरोप आहे, पण हे अगदी खरं आहे. तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढायची, उकळायची, फेस उतू जाऊन चूल विझवायची, माय पुन्हा फुंकणीनं ती पेटवायची, आणि जेवायला बसावं तर दाणा दाताखाली टचकन लागायचा. साबण झिजून चपटा व्हायचा, पण फेस धरायचा नाही. न्हाऊन आल्यावर केस तुराट्यांसारखे ताठ. चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा, खरखरीत थर बसायचा, तो नखानं खरवडला की पापुद्रे निघायचे. सगळं गाव चुनखडीवर वसलेलं, जमिनीत चुना, हवेत चुना, भिंतीच्या कडेला लावलेल्या झेंडूच्या पानांवरसुद्धा पांढरी भुकटी. आता माझ्या चंद्रपूरच्या ओट्यावर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, बटण दाबलं की ते गुरगुरतं आणि डाळ दोन शिट्ट्यांत मेणासारखी होते. तरी झाकण उघडताना अजून माझा जीव खालीवर होतो.

माय धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावाची. तिथं घरामागे बोडी होती, म्हणजे छोटं तळं, आणि बोडीच्या काठावर येनाची, म्हणजे ऐनाची, मोठी झाडं. पानं पाण्यात पडायची, कुजायची आणि पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं व्हायचं. शहरातला माणूस ते पाहून नाक मुरडेल, पण त्या पाण्यात डाळ एका उकळीत शिजे आणि मायचे केस मऊ राहत. बाबांना चुनखडीच्या खाणीत जीप चालवायची नोकरी लागली, म्हणून ती इकडं आली. तिनं आल्याबरोबर दारात मोहाचं रोप लावलं होतं, ते पिवळं पडून गेलं. मग माहेरहून एक कंद आणला, तो मातीतच सडला. "हे पानी मले मानवत नाई," हे वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं होतं की बाबा ते ऐकायचे बंद झाले होते. ऐकलंच तर म्हणत, "आता पान्यासाठी नोकरी सोडू काय मी?"

दर खेपेला माहेराहून येताना ती प्लास्टिकची एक कॅन भरून बोडीचं पाणी आणायची. तीन एसट्या बदलून, मांडीवर धरून. कंडक्टर विचारायचा, "बाई, तूप आहे का त्यात?" तर ही म्हणायची, "तुपापरीस महाग आहे." ते पाणी ती पिण्यासाठी वापरत नसे. नव्या धानाचा सण, ज्याला आम्ही पंडूम म्हणतो, त्या दिवशीच्या डाळीसाठी ती कॅन कोपऱ्यात राखून ठेवायची. असा काही रिवाज नव्हता, तो मायचा हट्ट होता. आमच्या घरच्या देवांना, पेनांना, कच्ची डाळ वाढायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. मी नववीत होते तेव्हा मायच्या माहेरच्या खेपा वाढल्या होत्या आणि तिथला मुक्काम लांबत चालला होता. दर खेपेला मी वाटेकडं डोळे लावून बसायची. ती एकदा परत येणारच नाही, अशी भीती माझ्या पोटात कायम असे. ती मी कोणाला बोलून दाखवली नव्हती, कारण बोलून दाखवलं असतं तर ती खरी झाली असती असं मला वाटे.

त्याच सुमारास खाणीवरच्या बंगाली साहेबांची बदली झाली. बाबा त्यांचीच जीप चालवत. साहेबांच्या बंगल्यात काचेची मोठी पेटी होती आणि तिच्यात चार मासे. बशीसारखे गोल, चपटे, हाताच्या पंज्याएवढे. डिस्कस म्हणायचे त्यांना. मी बाबांबरोबर एकदोनदा गेले होते तेव्हा साहेबांनी मला बोकडाच्या काळजाचा बारीक तुकडा चिमटीत धरायला दिला होता, आणि त्यांच्यातला सगळ्यात लहान मासा येऊन तो माझ्या बोटातून ओढून घेऊन गेला होता. इतक्या दूरच्या प्रवासात मासे टिकणार नाहीत म्हणून साहेबांनी पेटीसकट ते बाबांना देऊन टाकले. पेटीचं पाणी साहेब स्वतःच बघायचे, ते कुठून आणायचे हे बाबांनाही ठाऊक नव्हतं. निघताना एवढंच सांगितलं, "पानी का खयाल रखना. ये फार्म के नहीं हैं, नदी से पकड़े हुए हैं. जंगली हैं." बाबांनी ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा माय चूल सोडून पेटीजवळ आली आणि वाकून बघत म्हणाली, "जंगली आहेत? म्हंजे आपल्यातलेच निघाले."

शेजारपाजारचे बघायला आले आणि निराश होऊन गेले. त्यांना लाल, पिवळे, शेपटीचे पंखे करणारे मासे हवे होते. हे तपकिरी, मातीच्या रंगाचे, डोळ्यावरून एक काळा पट्टा. निळ्या रेघा होत्या, पण त्या कपाळावर आणि पंखांच्या कडेला, नीट थांबून बघणाऱ्याला दिसणाऱ्या. समोरच्या काकू म्हणाल्या, "हे तर वाळवून खायचे वाटतात." बाबांच्या मनाला ते लागलं असावं. साहेबांच्या बंगल्यात पेटीचा तळ उघडाच असे, पण आमच्या घरी पाहुणे आले की काहीतरी दिसायला हवं. दुसऱ्या दिवशी बाबा खाणीतून पिशवीभर दगड घेऊन आले. निवडून आणलेले, पांढुरके, मधूनच गुलाबी झाक असलेले, तुटलेल्या कडेला चमकणारे. ते त्यांनी स्वतः घासून धुतले आणि पेटीच्या तळाशी हातानं मांडले.

"पाह्य इंदे, कसा चमकून राह्यला," ते मला म्हणाले. "साहेबाच्या घरी असा दगड नव्हता. याच दगडानं आपलं पोट भरून राह्यलं, तो घरात दिसला पाह्यजे."

खरंच सुंदर दिसत होती ती पेटी. आणि पाण्याचा खयाल तर बाबा असा ठेवत होते की विचारू नका. रोज सकाळी ड्युटीवर जायच्या आधी बोअरचं ताजं पाणी हापसून, जुनं काढून नवं भरायचं. काच पुसायची. पाणी असं नितळ की मासे हवेत टांगल्यासारखे दिसत. मी बोकडाचं काळीज पाट्यावर बारीक करायची. आमच्या ताटात मटण सणासुदीला यायचं आणि माशांना काळीज रोज, यावरून माझा धाकटा भाऊ रोज भांडण काढायचा. मासे मात्र त्या काळजाकडं बघेनात. आधी ते पेटीच्या मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहू लागले. मग त्यांचा रंग गडद होत गेला, तपकिरीचा काळपट झाला, निळ्या रेघा पुसल्या गेल्या. कल्ले भराभर हलत. बाबांना वाटलं पाणी घाण होत असेल, म्हणून ते दिवसातून दोनदा बदलायला लागले. एका दुपारी मी शाळेतून आले तर चारांतला सगळ्यात मोठा मासा त्या सुंदर दगडांवर आडवा पडला होता.

मायनं तो हातात घेतला. ती म्हणाली, "कुठून कुठी आनून टाकलं जीवाले. ज्याचं त्याचं पानी असते. नेऊन सोडा म्हना त्याईले त्याईच्या नदीत." ती माशांबद्दल बोलत होती, पण मला ते माशांबद्दल ऐकू आलं नाही.

रात्री जेवताना बाबांनी निर्णय सांगितला. "रविवारी चंद्रपूरले जातो मी. तिथी मासेवाल्या दुकानदाराले देऊन टाकतो. आपल्या हातानं मारन्यापरीस बरं."

"तो जगवीन काय?" मी विचारलं.

"नाई जगवीन तर त्याच्या हातानं मरन."

"मंग माह्या हातानं जगू द्या," मी म्हणाले. "रविवार अजून यायचा आहे."

बाबा हसले. मी हसले नाही. त्या घरात बाहेरून आणलेलं काहीच जगलं नव्हतं, मोह नाही, कंद नाही, आणि आता मासे. या घरात एक तरी बाहेरचा जीव जगलाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वय तेव्हा चौदा-पंधराचं होतं आणि त्या वयात ठरवलेल्या गोष्टीला तर्क लागत नाही. पण आज विचार केला तरी मला वाटतं, त्या वयात मी इतकं शहाणपणाचं दुसरं काही ठरवलं नसेल.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी पेटीसमोर बसले. मागच्या बाजूला माय चहाचा गंज घासत होती. पांढरा थर फार साचला की ती त्यात अर्धं लिंबू पिळायची आणि सालीनं चोळायची. थरावर बारीक बुडबुडे यायचे, चर्र असा आवाज व्हायचा, आणि मग थर सुटायचा. हे मी लहानपणापासून शंभरदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी मी गंजातला तो पांढरा पापुद्रा हातात घेतला आणि तो मला ओळखीचा वाटला. तसाच रंग, तशीच खरखर. मी पेटीत हात घालून बाबांचा एक दगड काढला, परकरानं पुसला आणि त्यावर उरलेलं लिंबू पिळलं. दगड फसफसला. गंजातला थर फसफसतो तसाच, तसाच चर्र आवाज करत.

मी ओरडले. माय धावत आली, तिला वाटलं विंचू चावला. "माय, हे एकच आहे," मी म्हणाले. "गंजातलं अन् पेटीतलं. हा दगडच पान्यात विरघळून राह्यला. बोअरच्या पान्यात तो पयलेच आहे, अन् खालून आपन अजून टाकला. जे पानी तुले मानवत नाई ना, तेच पानी बाबा त्याईले रोज ताजं भरून देऊन राह्यले." मायनं दगडाकडं पाहिलं, मग गंजाकडं, मग माशांकडं. "म्हून डाळ शिजत नाई होय," ती हळूच म्हणाली.

बाबांना सांगणं अवघड होतं. ते ड्युटीवरून आले, हातपाय धुतले, आणि मी म्हणाले, "बाबा, दगड काढावा लागते." त्यांचा चेहरा बदलला. "काऊन? माह्या दगडात जहर आहे काय?" मी दगड आणि लिंबू त्यांच्यासमोर ठेवलं आणि पिळलं. त्यांनी पाहिलं. मग दुसरा दगड स्वतः उचलला, स्वतः लिंबू पिळलं. मग तिसरा, तो गुलाबी झाकेचा, त्यांच्या खास आवडीचा. तोही फसफसला. "सोड्यावानी उकळून राह्यला बाप्पा," ते म्हणाले. एवढी वर्षं त्या दगडाच्या धुळीत जीप चालवत होते, पण त्याला लिंबू लावून बघायचं कोणाच्या मनात येणार? मग बाही वर सरकवून त्यांनीच एकेक दगड बाहेर काढला आणि अंगणात झेंडूच्या कडेला नीट रचून ठेवला. "पन रविवार तो रविवार," उठताना त्यांनी बजावलं.

दगड निघाले तरी बोअरचं पाणी तेच होतं. पाऊस सरून गेला होता, छपराखाली धरायला थेंब नव्हता. पण तो गंज मला सोडत नव्हता. उकळल्यावर थर गंजाला बसतो, म्हणजे तेवढा दगड पाण्यातून निघाला. म्हणजे वर जे पाणी उरतं, त्यात तेवढा दगड कमी. मी मोठा गंज चुलीवर चढवला, खळखळ उकळला, गार होऊ दिला. तळाशी पांढरा गाळ बसला होता. पेल्यानं वरचं पाणी हलक्या हातानं काढून रांजणात भरलं आणि पुन्हा गंज चढवला. दिवसभर हेच. धुरानं डोळे चोळून चोळून लाल झाले, हाताला चटका बसला. माय पहिल्या दिवशी कुरकुरली, "माशाईसाठी सरपन जाळून राह्यली पोट्टी." दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधीच गंज चुलीवर होता.

एकदम नाही, रोज थोडंथोडं असं मी पेटीतलं पाणी बदललं. कल्ल्यांची ती भराभर हालचाल मंदावली. पण मासे काळेच राहिले आणि खाईनात. ते जिवंत होते, पण जगत नव्हते, आणि शनिवार उजाडला होता. काहीतरी कमी होतं. कोपऱ्यातल्या कॅनकडं माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. जंगलातलं पाणी, पानांच्या रंगाचं, जंगली माशांना आणखी काय हवं असणार? शेवटी मी मायला विचारलं.

"त्याले हात नको लावजो," ती झटक्यात म्हणाली. "पंडूमाची डाळ आहे ते."

मी पुन्हा मागितलं नाही. मी हट्टी होते, आजही आहे, पण तीन एसट्या बदलून मांडीवर आणलेल्या त्या पाण्यावर माझा हक्क नव्हता, एवढं मला कळत होतं. मी परत चुलीकडं गेले आणि गंज चढवला. धुरामुळं डोळ्यांतून पाणी येत होतं, असं मी भावाला सांगितलं.

रविवारी सकाळी बाबांनी धुतलेला शर्ट घातला आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या. पेटीचं झाकण उघडलं, तसा तो लहान मासा आणखी कोपऱ्यात दबला. मी पेटीला पाठ लावून उभी राहिले. "बाजूले हो इंदे," बाबा म्हणाले, रागानं नाही, थकलेल्या आवाजात. मी हलले नाही. तेवढ्यात मागच्या दारातून माय आली. तिच्या हातात कॅन होती.

"थांबा जरासे," ती म्हणाली. तिनं मला हातानं बाजूला केलं, पेटीच्या तोंडावर लुगड्याचा स्वच्छ तुकडा धरला आणि कॅन तिरकी केली. कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी कापडातून हळूहळू खाली उतरू लागलं. काचेतून ते धुरासारखं पसरताना दिसत होतं.

"अवं, ते डाळीचं पानी होय ना?" बाबा म्हणाले.

"एक दिवस डाळ कडक खाल्ल्यानं कोनी मरत नाई," माय कॅनवरची नजर न काढता म्हणाली. "हे मरून राह्यले."

तिनं शेवटचा थेंबही ठेवला नाही. कॅनच्या तळाशी येनाची दोन-चार कुजकी पानं होती, तीही काढून तिनं पेटीत सोडली. मग आम्ही सगळे खाली बसलो. सकाळची एसटी गेली, तिचा भोंगा ऐकू आला, बाबा उठले नाहीत. दुपारची गेली. भावानंसुद्धा भांडण काढलं नाही. ऊन उतरताना मला पहिल्यांदा वाटलं की लहान माशाचा काळपटपणा फिका पडलाय, पण मनाचे खेळ असतील म्हणून डोळे चोळून पुन्हा पाहिलं. मग कपाळावर एक निळी रेघ उमटली. मग दुसरी. तो पानाखालून बाहेर आला, मधोमध थांबला, आणि मी काळजाचा तुकडा चिमटीत धरून पाण्यात हात घातला. त्यानं खूप वेळ घेतला. माझा हात भरून आला होता. आणि मग त्यानं तुकडा ओढून नेला. मी मोठ्यानं रडले. बाबांनी पिशव्यांच्या घड्या घातल्या आणि त्या फडताळात ठेवून दिल्या.

चंद्रपूरच्या एका दुकानात परवा नातवासोबत गेले, तर तिथं माशांसाठी वाळकी पानं पाकिटात विकायला ठेवली होती, परदेशी चित्राचं पाकीट. पाणी तपकिरी करण्यासाठी, असं दुकानातल्या पोरानं सांगितलं. नातू म्हणाला, "आजी, पानांचे पैसे?" मला इतकं हसू आलं की दुकानदार बघत राहिला. आमच्याकडं तेव्हा मायच्या माहेराहून मामा एसटीच्या ड्रायव्हरजवळ येनाच्या वाळल्या पानांची पोती द्यायचा. ते तिन्ही मासे खूप वर्षं जगले, मोठे झाले, त्यांतल्या एका मादीनं काचेवर अंडीही घातली.

पण मला पंडूमाचा दिवस सांगायचा आहे. त्या दिवशी सकाळी मायनं नवा भात काढला, अंगण सारवलं, आणि डाळीच्या भांड्यात बोअरचं पाणी ओतलं. तिचा चेहरा मला बघवला नाही. कॅन रिकामी कोपऱ्यात पडली होती. मी तिच्या हातातून भांडं घेतलं, पाणी अंगणात फेकलं आणि माशांच्या रांजणातलं, उकळून निवळलेलं पाणी त्यात भरलं.

"हे काय करून राह्यली?" ती म्हणाली.

"माशाईचं पानी आहे. यातला दगड गंजातच राह्यला."

तिचा विश्वास बसला नाही. चुलीजवळ बसून ती डाव फिरवत राहिली. थोड्या वेळानं तिनं एक दाणा काढला आणि अंगठा-बोटात दाबला. मग दुसरा. दाणा लोण्यासारखा पसरला. तिनं ते बोट माझ्यासमोर धरलं आणि पदरानं तोंड पुसलं. पेनांना वाढलं, मग आम्हाला. बाबांनी पहिला घास घेतला, सवयीनं जपून चावला, आणि मग आश्चर्यानं चावायचंच थांबले. माय त्या दिवशी दोनदा वाढून जेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दारात रॉकेलचा वास येत होता. राशनचं रॉकेल आलं होतं आणि मायनं ते त्या कॅनमध्ये भरून ठेवलं होतं. ज्या कॅनमध्ये एकदा रॉकेल भरलं, तिच्यात पुन्हा कोणी पाणी आणत नाही. मी दारात उभी राहून तिच्याकडं बघत राहिले. ती वर न बघता म्हणाली, "उभी काऊन राह्यली? जाय, माशाईचा गंज चढव."

आणि मी चढवला.